ओट्यामागची भिंत

स्वयंपाकघर नव्याने सजवावयास निघालेला मुंबईकर ओटा, फरशी व नळ यांसाठी लाख-दोन लाख सहज मोजतो. संरचना अभियंत्याच्या शुल्कापाशी मात्र त्याचा हात आखडतो. ही काटकसर घातक होय. महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यातील कलम ३४२ अन्वये गिलावा, रंग अशा किरकोळ दुरुस्तीस परवानगी लागत नाही. भिंत पाडावयाची, तर आयुक्तांस आगाऊ सूचना द्यावी लागते. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळून १७ जीव गेले. तळमजल्यावरील फेरबदल त्यास कारण झाल्याचा आरोप झाला. परवानगीची वाट सुलभ करणे हे पालिकेचे कर्तव्य आहेच. परंतु आपल्या घरातील भिंतीवर शेजाऱ्याच्या संसाराचाही भार असतो, हे नागरिकांनी विसरता कामा नये.