लाज कोणाची?

'नवरा माझा नवसाचा' (२००४) आमच्या परभणीच्या गुरुजनांना अश्लील वाटतो. का, तर बापाने बोललेला नवस फेडायला नायकाने नागड्याने गणपतीपुळ्यास जायचे! मी म्हणतो, लाज वाटायचीच तर त्या नवसाची वाटावी. 'कॅरी ऑन अब्रॉड'मधले (१९७२) इंग्रज प्रवासी अर्धवट बांधलेल्या हॉटेलात फसतात. त्यांची फजिती त्यांनीच पैसे मोजून विकत घेतलेली. इथे ती देवाच्या नावाने बाप मुलाच्या गळ्यात बांधतो.

मुलीच्या दुखण्यात मीही नवस बोललो होतो. बोललो मी, अन् पोखर्णीच्या नृसिंहापर्यंत अनवाणी चालली ती, भर उन्हात. तळपायाला फोड आले. हेच गुरुजन त्या दिवशी प्रसादाच्या पंगतीत पहिल्या पाटावर होते. अश्लील हा शब्द कोणी काढला नाही. मीही नाही.