पाणी निवडावे माणसे पाहून



सहामाही परीक्षा संपली आणि दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या चिखलीत घरोघरी एकच विषय निघतो, यंदा कुठे जायचे? कुणाला गुरुवारची सुट्टी, कुणाला रविवारची, कुणी पाळी बदलून घेतलेली. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत वर्षभर राबणाऱ्या घराला असे एक-दोनच दिवस मिळतात. अलीकडे बहुतेकांना पाण्यावर जायचे असते. मोबाइलवर जंजिऱ्याची शिडाची होडी दिसते, मुले हट्ट धरतात, अब्बा गाडी ठरवतात आणि सगळे निघतात.

बंदरावर पोचल्यावर काय होते ते आपण सर्वांनीच पाहिले आहे. तरणी मुले उडी मारून होडीत चढतात. दादीचे गुडघे साथ देत नाहीत, अम्मीला भीती वाटते, धाकटीच्या मापाचे जाकीट मिळत नाही. मग त्या तिघी काठावर डबे आणि चपला राखत बसतात. सहल घराची, पण होडीत घर निम्मेच! याहून वाईट म्हणजे आग्रह करकरून सगळ्यांना होडीत कोंबायचे आणि मध्यावर गेल्यावर घाबरायचे.

याचे कारण एकच. आपण आधी पाणी ठरवतो आणि मग माणसे त्यात बसवतो. हे उलटे व्हायला हवे. घरातले सर्वात कच्चे माणूस ज्या पाण्यात निर्धास्त बसू शकेल, ते आपले यंदाचे पाणी.

मराठीतला ‘नाखवा’ हा फारसीतला नाखुदा, म्हणजे नावेचा धनी. खलाशी, बंदर, दर्या, तुफान हे शब्दही अरबी-फारसीतूनच आपल्या किनाऱ्यावर उतरले. जंजिरा म्हणजे अरबी ‘जझीरा’, बेट. रायगड-रत्नागिरीच्या कितीतरी कोकणी मुस्लिम घरांत जहाजावरची नोकरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. पण आमच्या चिखलीत लातूर, बीड, सोलापूरकडून आलेली घरे पुष्कळ. त्यांची पाण्याशी ओळख विहीर आणि पाझर तलावापुरती. ज्याला दर्याचा स्वभाव ठाऊक नाही त्याने तो विचारून घ्यावा, यात कमीपणा कसला?

आधी माणसांची यादी

एक कागद घ्या आणि येणाऱ्या प्रत्येकाचे नाव लिहा. नावापुढे चार गोष्टी लिहा. पोहता येते का? गुडघे-कंबर कशी आहे? घाटात गाडी लागते का? पाण्याची भीती वाटते का? ज्याला घाटात उलटी होते त्याला लाटांवरही बहुधा होते. रक्तदाब-साखरेच्या गोळ्या कुणाच्या, कुणाला दिवस गेले आहेत, सर्वात लहान मूल किती वर्षांचे, हेही नोंदवा. यादी पुरी झाली की सर्वात अवघड नावावर बोट ठेवा. पाणी त्या नावासाठी निवडायचे.

पाण्याच्या चार इयत्ता

आम्ही शाळेत शिकवतो म्हणून शाळेच्याच भाषेत सांगतो.

पहिली इयत्ता तळ्याची. महाबळेश्वरचे वेण्णा तळे १८४२ मध्ये साताऱ्याच्या छत्रपतींनी बांधले. समोरचा काठ डोळ्यांसमोर असतो, भरती-ओहोटी नाही, वल्ह्याची आणि पायडलची होडी मिळते. कंटाळा आला तर पाच-दहा मिनिटांत काठावर येता येते. ज्या घरातले कुणीच कधी होडीत बसलेले नाही, त्यांनी इथूनच सुरुवात करावी.

दुसरी इयत्ता धरणाची. आपल्या पिंपरी-चिंचवडच्या नळाला येणारे पाणी पवना धरणाचे. जवळचे म्हणून आपण त्याला सोपे समजतो. पण धरण म्हणजे भरलेले खोरे. काठापासून दोन पावलांवर तळ एकदम खाली जातो, पायाखाली गाळ असतो, डोंगरांच्या खिंडीतून वारा अचानक येतो. मुले बुडाल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो, त्या बहुतेक अशाच पाण्यातल्या. तेव्हा धरणात होडीत बसावे, पण अंघोळीला उतरू नये. कोयनेच्या शिवसागरात बामणोली आणि तापोळ्याहून होड्या सुटतात, पण वासोट्यापर्यंतचा फेरा लांबचा आहे. लहान मूल तेवढा वेळ एका जागी बसेल का, हे आधी पाहा. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्रही शीड हाकायला शिकतात ते खडकवासल्याच्या पाण्यात. धडधाकट तरुणांना जर आधी धरण, तर आपल्याला दर्याची घाई कशाला?

तिसरी इयत्ता खाडीची. दाभोळ-धोपावे, आगरदांडा-दिघी या फेरीबोटींवर गाडीसकट चढता येते. पायऱ्या चढायच्या नाहीत, उडी मारायची नाही, थोड्याच वेळात पलीकडचा काठ. गुडघे दुखणाऱ्या दादीसाठी यासारखी सोय नाही. गाडीत बसल्या जागेवरून तिला खाडी दिसते. दाभोळला उतरलात तर किनाऱ्याजवळची जुनी शाही मशीद पाहून घ्या. लोक तिला अंडा मशीद म्हणतात. सतराव्या शतकातली ही इमारत दाभोळ बंदराच्या जुन्या वैभवाची साक्ष आहे.

चौथी इयत्ता उघड्या समुद्राची. जंजिरा, मालवणचा सिंधुदुर्ग, गेटवेहून घारापुरी किंवा मांडवा. इथे लाट असते, भरती-ओहोटी असते, आणि खरी परीक्षा असते होडीत चढण्या-उतरण्याची. किल्ल्याच्या दारात होडी हलत असते आणि पायरी हलत नाही. त्या एका पावलात घोटा मुरगळतो. म्हणून गुडघ्यांचा त्रास असेल तर समुद्र शांत असला तरी ती जागा अवघडच समजावी. त्याच समुद्रात मोठी बोट घेतली तर गोष्ट बदलते. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला २०२० पासून रो-रो बोट जाते, तिच्यात गाडीही चढते. म्हणजे निवड केवळ पाण्याची नसते, पाणी आणि होडी या जोडीची असते.

चांद आणि वारा

भरती-ओहोटी चंद्रावर चालते आणि चांदची तारीख आपल्या घरात सर्वांना ठाऊक असते. चांद दिसल्यानंतरचे पहिले दोन दिवस आणि चौदावी-पंधरावीच्या आसपासचे दिवस उधाणाचे. पाणी खूप चढते, खूप उतरते आणि खाडीच्या तोंडाशी जोराने ओढते. सातवी-आठवी आणि बावीस-तेवीसच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा चढउतार कमी. मुंबईजवळ उधाणाला पाण्याच्या पातळीत ४ मीटरहून जास्त फरक पडतो. मालवणकडे जावे तसा तो कमी होतो. कच्ची माणसे बरोबर असतील तर भांगाचे दिवस धरा.

मुलांना एक गणित घाला. मुंबई-कोकणात तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची वेळ ढोबळमानाने निघते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचे. चांदच्या तारखेत आणि तिथीत एखाद्या दिवसाचा फरक पडतो, म्हणून हा केवळ अंदाज. नक्की वेळ बंदरावर विचारावी.

वाऱ्याचा धडा भूगोलात आहेच. दिवसा जमीन लवकर तापते आणि समुद्राकडून खारे वारे येतात, रात्री जमिनीकडून मतलई वारे. दुपारी खारा वारा जोर धरतो. म्हणून लेकरे-म्हातारी असतील तर सकाळची पहिली फेरी घ्या. पाण्यावर जागोजाग पांढऱ्या फेसाचे तुरे दिसू लागले की त्या दिवशी आपल्या यादीने किनाऱ्यावरच बसलेले बरे.

महिनेही पाहावेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी समुद्र बहुधा शांत. मे संपत आला की त्याचा रंग बदलतो. मे २०२२ च्या अखेरीस तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटली आणि दोन जीव गेले. पावसाळ्यात लहान होड्या बंद असतात, त्या बंदच असाव्यात. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ती काही लहान होडी नव्हती.

जर्मनीतली तीच शाळा

चाकणला २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ या दोघांचे कारखाने सुरू झाले. तेव्हापासून आमच्या भागातल्या मुलांच्या तोंडी वोल्फ्सबुर्ग आणि श्टुटगार्ट ही नावे आली. ज्यांची लेकरे तिकडे कामाला आहेत, त्यांच्यासाठी तिथल्या पाण्याचीही माहिती देतो, कारण इयत्ता तिथेही त्याच आहेत.

हानोव्हरजवळ श्टाइनहूडर मेअर नावाचे तळे आहे. पसारा सुमारे २९ चौरस किलोमीटर, पण सरासरी खोली दीड मीटरहून कमी. नवशिक्यांची ही पहिली इयत्ता. बर्लिनच्या उत्तरेला म्युरित्स आणि तिच्याभोवतीची तळी कालव्यांनी जोडलेली आहेत. तिथल्या ठरावीक भागात काही तासांचे शिक्षण घेऊन परवान्याशिवायही घरहोडी भाड्याने मिळते. चूल, पलंग, सारे घरच होडीत. लेकराबाळांच्या घराला हे सोयीचे. एरवी १५ अश्वशक्तीहून मोठ्या इंजिनाला परवाना लागतोच.

श्टुटगार्टकरांना जवळचे मोठे पाणी बोडेनझेचे. जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया या तीन देशांच्या मधले हे सरोवर २५० मीटर खोल आहे. आल्प्सकडून वारा एकाएकी येतो, म्हणून काठावर नारिंगी दिवे लावले आहेत. दिवा मिनिटाला ४० वेळा लुकलुकला तर जोरदार वाऱ्याचा इशारा, ९० वेळा लुकलुकला तर वादळाचा. तो दिसताच काठ गाठायचा.

समुद्राच्या बाबतीत जर्मनीला दोन पर्याय आहेत. पूर्वेकडच्या बाल्टिक समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाही. त्यातही श्लाईसारख्या आत शिरलेल्या खाड्या आणि र्‍युगेन बेटामागचे उथळ पाणी कुटुंबाला मानवते. पश्चिमेकडच्या उत्तर समुद्रात ओहोटीला मैलोन्‌मैल तळ उघडा पडतो आणि वेळापत्रक चुकले तर होडी चिखलात रुतते. तिथे जाणत्यांनी जावे. आपल्या उरणच्या किंवा अलिबागच्या किनाऱ्यावर ओहोटी पाहिलेल्याला हे लगेच समजेल.

तिथली एक गोष्ट आम्हाला फार आवडते. लहान मूल काठावरून पाण्यात उतरून २५ मीटर पोहले आणि खांद्याएवढ्या पाण्यातून वस्तू वर काढून आणली की त्याला समुद्रघोड्याचा बिल्ला मिळतो. मूल तो पोहण्याच्या कपड्यावर शिवून मिरवते.

काठावरच ठरवायच्या गोष्टी

जाकीट प्रत्येकाच्या अंगावर हवे, बाकाखाली नको. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाची वेगवान नौका धडकली आणि १५ माणसे दगावली. समुद्र शांत होता, महिना चांगला होता, पण बऱ्याच जणांच्या अंगावर जाकीट नव्हते. मुलाचे जाकीट वजनाच्या मापाचे घ्या. खांद्याला धरून वर उचलून पाहा. मूल खाली आणि जाकीट कानापर्यंत वर आले तर ते मोठे आहे. बुरखा, अबाया किंवा साडी असेल तर जाकीट सर्वांत वरून बांधावे, ओढणीची टोके आत खोचावीत. मळमळणाऱ्याला होडीच्या मध्यभागी बसवावे, नजर दूर क्षितिजावर ठेवायला सांगावी. निघण्यापूर्वी पोट अगदी रिकामे नको आणि बिर्याणीने भरलेलेही नको.

आणि एक नियम निघण्यापूर्वीच सर्वांनी कबूल करावा. यादीतले कुठलेही माणूस ‘नको’ म्हणाले तर त्याची थट्टा करायची नाही, आणि नाखवा ‘आज नाही’ म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालायची नाही. भाडे बुडाले तरी चालेल.

इयत्ता वर चढवायची असेल तर माणसांची तयारी वाढवावी लागते. आपल्या महापालिकेचे जलतरण तलाव आहेत. तिथे मुलांची बॅच कधी असते, बायकांसाठी वेगळी वेळ आहे का, हे सुट्टी लागण्यापूर्वी जाऊन विचारा. नसेल तर चार जणी मिळून मागणी करा. पोहायला शिकलेली अम्मी ही घरच्या होडीतली सर्वात मोठी सोय आहे. यंदा तळे, पुढल्या वर्षी खाडी, आणि मग इन्शाअल्लाह जंजिरा. तो किल्ला शतकानुशतके जागचा हललेला नाही. आपली तयारी होईपर्यंत तो थांबेल.