आलेख संवादी, पण प्रश्न कोणाचा?

मीरा-भाईंदरची लोकसंख्या 1991 च्या जनगणनेत सुमारे 1 लाख 75 हजार होती. ती 2001 मध्ये 5 लाख 20 हजारांवर आणि 2011 मध्ये 8 लाख 9 हजारांवर गेली. या वाढीचा टक्केवारीने आलेख काढला, तर पहिल्या दशकाचा स्तंभ दोनशेच्या जवळ पोचतो आणि दुसऱ्याचा पंचावन्नाच्या आसपास थांबतो. शहराची वाढ आवरली, असेच पाहणाऱ्यास वाटावे. पण माणसे मोजली, तर पहिल्या दशकात सुमारे 3 लाख 45 हजारांची आणि दुसऱ्यात 2 लाख 89 हजारांची भर पडलेली दिसते. दोन्ही चित्रे खरी आहेत. मात्र पाणी टक्केवारीला नव्हे, माणसांना पुरवावे लागते.

संगणकाच्या वा मोबाइलच्या पडद्यावर वाचकाच्या स्पर्शासरशी बदलणाऱ्या संवादी आलेखांचे महत्त्व येथेच आहे. छापील आलेखात काय दाखवायचे हे काढणारा ठरवितो. संवादी आलेखात टक्केवारी की संख्या, सारे शहर की आपला प्रभाग, ही निवड वाचकाच्या हाती येते. दुर्दैवाने, कोणती कळ दाबली असता कोणते रंगीत चित्र उमटते एवढे कळले, की ही विद्या हस्तगत झाली असा समज विद्यार्थ्यांत रूढ होत आहे.

वस्तुतः या विद्येला स्वतःचे शास्त्र आहे. समान मोजपट्टीवरील स्थानांची तुलना डोळा जितकी अचूक करतो, तितकी कोनांची वा क्षेत्रफळांची करीत नाही, हे क्लीव्हलंड व मॅक्गिल यांनी 1984 मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले. तेव्हा डझनभर प्रभागांची तुलना वृत्तालेखाच्या फोडींवरून करावयास लावणे हा वाचकावर अन्यायच होय. आधी समग्र दर्शन, मग निवड आणि मागणीनुसार तपशील, हा क्रम बेन श्नायडरमन यांनी 1996 मध्ये सांगितला. स्तंभांची मोजपट्टी शून्यापासून असावी, प्रभाग बदलताना ती गुपचूप बदलू नये आणि आकड्याचे वर्ष व मूळ शेजारीच नमूद असावे, ही पथ्येही तितकीच महत्त्वाची आहेत.

वाचकाला निवड दिली की रचनाकाराची जबाबदारी संपली, असे मात्र नाही. लोकलच्या गर्दीत एका हाताने मोबाइल धरणारा प्रवासी बहुधा पहिलेच चित्र पाहून पुढे जातो. म्हणून ते पहिले चित्रच प्रामाणिक हवे. जे सत्य चार वेळा बोट फिरविल्यावरच दिसते, ते अनेकांच्या दृष्टीने दडविल्यासारखेच होय.

महाविद्यालयांनी हे शिक्षण कागद-पेन्सिलीपासून सुरू करावे. विद्यार्थ्याने प्रथम वाचकाचा प्रश्न एका वाक्यात लिहावा, मग कच्चा आलेख काढावा. तो एखाद्या लिपिकापुढे वा गृहिणीपुढे ठेवून स्वतः मौन पाळावे आणि त्या व्यक्तीची नजर कोठे अडते ते टिपावे. सॉफ्टवेअरची पाळी त्यानंतरची.

2021 ची जनगणना लांबली आणि नव्या जनगणनेसाठी 1 मार्च 2027 ही संदर्भतिथी ठरली. तिचे आकडे या शहराचा पाणी, शाळा व रुग्णालये यांचा हिशेब नव्याने मांडावयास लावतील. तो हिशेब सामान्य नागरिकाला स्वतः तपासता यावा, अशा रीतीने मांडणारी पिढी घडविणे हे शिक्षकांचे काम आहे, आणि त्याला आताच प्रारंभ व्हावयास हवा.