प्रतिपक्षाची टेहळणी

संगणकावरील युद्धखेळांविषयीं शिक्षकानें लेखणी उचलली म्हणजे तो त्यांची निंदाच करणार, अशी वाचकांची समजूत असते. माझा तसा हेतु नाहीं. ज्या खेळांत दोन्ही पक्ष आपापल्या पाळीची वाट न पाहतां एकाच वेळीं गांव वसवितात, अन्न व लांकूड जमवितात, सैन्य उभारतात आणि लढतात, त्या खेळांसंबंधानें एकच मुद्दा मला मांडावयाचा आहे. या खेळांत प्रतिपक्षाची टेहळणी ही हौसेची गोष्ट नसून ती खेळाचा गाभाच आहे. आणि आमचे विद्यार्थी नेमकी तीच टाळतात.

बुद्धिबळांत दोन्ही सैन्यें पटावर उघडीं असतात. वजीर कोठें, उंट कोठें, हें दोघांसही दिसतें. न दिसणारी वस्तु एकच, ती म्हणजे समोरच्याचें मन. सन १९९९ मध्यें निघालेल्या ‘एज ऑफ एम्पायर्स’च्या दुसऱ्या भागांत मात्र पटच काळोखांत असतो. नेहमीच्या डावांत प्रारंभीं खेळाडूच्या हातीं एक नगरकेंद्र, तीन गांवकरी आणि एक टेहळ्या एवढेंच असतें; बहुतेक राज्यांचा हा टेहळ्या घोडेस्वार असतो. तो जाईल तेथवरचा प्रदेश उजळतो. तो पुढें गेला कीं मागची भूमि दिसत राहते, परंतु तिच्यावरील हालचाल धुक्याआड जाते. एकदां पाहिलेली इमारत पुढें पाडली गेली, तरी पुन्हा तेथें जाईपर्यंत ती नकाशावर उभीच दिसते! पहिल्याच क्षणीं फौज न देतां टेहळ्या दिला, यावरून खेळ रचणाऱ्यांचा अभिप्राय समजावा.

आमचीं मुलें या घोडेस्वाराकडून मेंढ्या शोधून घेतात, रानडुकरें कोठें आहेत तें पाहतात, आणि मग त्याला कोठें तरी झाडाखालीं उभा करून विसरून जातात. पुढचें सर्व पाठांतरावर चालतें. कोणा नामांकित खेळाडूचा डाव चित्रफितींत पाहून, कितवा गांवकरी लांकडावर व कितवा अन्नावर धाडावयाचा, हा क्रम घोकलेला असतो. क्रम वाईट नसतो. परंतु ज्या प्रतिपक्षाविरुद्ध त्या खेळाडूनें तो योजिला, तो आपल्यासमोर बसलेला नाहीं, हें ध्यानांत येत नाहीं. शेजाऱ्याचें औषध आपल्या दुखण्यावर घेण्याचाच हा प्रकार. आणि डाव गेला म्हणजे दोष दैवास!

विद्यार्थीमित्रहो, टेहळणी म्हणजे नुसतें पाहणें नव्हे. पाहून तर्क करावा लागतो, आणि त्यासाठीं थोडा हिशेब ठाऊक असावा लागतो. या खेळांत एक धनुर्धर उभा करण्यास २५ लांकूड व ४५ सोनें पडतें. घोडेस्वार टेहळ्यास ८० अन्न पडतें, सोनें मुळींच लागत नाहीं. तेव्हां प्रतिपक्ष दुसऱ्या युगांत शिरत असतां त्याचे गांवकरी सोन्याच्या खाणीवर दिसले, तर बहुधा धनुर्धर येणार. खाण ओस पडली असून सारे अन्नामागें लागले असतील, तर घोडे येणार. धनुर्धरांस फेकीचे भाले वापरणारे शिपाई भारी पडतात, घोड्यांस लांब भाल्यांचे. यांत उलटापालट झाली कीं संपलें. लांब भाल्यांचे शिपाई धनुर्धरांपाशीं पोंचण्यापूर्वींच पडतात.

याहून सूक्ष्म गोष्ट अशी कीं, जें दिसावयास हवें होतें तें दिसलें नाहीं, हीही एक बातमीच असते. सन २०१० मध्यें ‘स्टारक्राफ्ट’ या खेळाचा दुसरा भाग निघाला. त्यांत धाडलेल्या कामकऱ्यास प्रतिपक्षाच्या तळांत एकही सैनिकशाळा आढळली नाहीं, तर नवशिका खेळाडू निश्चिंत होतो. मुरलेला खेळाडू तत्काळ आपल्याच तळाच्या आसपास शोध घेऊं लागतो. कारण ती शाळा कोठें तरी जवळच लपवून बांधली असण्याचा संभव असतो.

यावर मुलांचा एक आक्षेप असतो, आणि तो पोकळ नाहीं. टेहळणी फुकट होत नाहीं, असें तीं म्हणतात. गांवकरी तयार होण्यास २५ सेकंद लागतात; डोळे घोड्यावर खिळले असतां नगरकेंद्र रिकामें राहिलें, तर तेवढें नुकसान झालेंच. ‘स्टारक्राफ्ट’मध्यें तर ही किंमत आंकड्यांनीं मांडलेली आहे. तेथें मानवी पक्षाच्या केंद्रास ५० शक्ति खर्चून दूरचा प्रदेश क्षणभर उजळतां येतो. तितक्याच शक्तींत खनिज खणणारें एक यंत्र उतरवितां येतें. ज्ञान घ्यावें कीं धन, हा प्रश्न प्रत्येक वेळीं नव्यानें सोडवावा लागतो. माझें मत असें कीं, ज्या उत्तरावर आपला पुढील खर्च अवलंबून आहे, तें मिळविण्यासाठीं अवश्य पाहावें. केवळ भीति वाटते म्हणून पाहत बसूं नये.

शिवाय प्रतिपक्षही स्वस्थ बसलेला नसतो. आपल्याकडे कोणी पाहत आहे हें त्यास कळतें. तो एखादी इमारत दाखविण्यापुरती आरंभितो आणि पाहुणा गेला कीं रद्द करतो. ‘स्टारक्राफ्ट’मध्यें अर्धवट बांधकाम रद्द केल्यास खर्चाचे ७५ टक्के परत मिळतात, म्हणजे चौथा हिस्सा हें त्या थापेचें मोल. म्हणून एकदां पाहून भागत नाहीं.

कित्येकजण हा सारा खटाटोप टाळण्यासाठीं धुकें नाहींसें करणारी चोरटी प्रणाली बसवितात, किंवा एकाच खोलींत खेळतांना शेजारच्याच्या पडद्याकडे डोकावतात. असल्या खेळाडूस प्रतिपक्षाच्या मनाचा ठाव घेण्याची गरजच उरत नाहीं. आणि चोरीचें साधन काढून घेतल्यास तो आंधळ्यासारखा चांचपडतो.

पालकांस एक सुचवावेंसें वाटतें. “अजून किती वेळ खेळणार?” हें विचारणें योग्यच आहे. त्याच्या जोडीस “समोरचा सध्यां काय करीत आहे?” असेंही मुलास किंवा मुलीस विचारून पाहावें. “ठाऊक नाहीं,” असें उत्तर आलें तर रागावूं नये. घोडेस्वार कोठें उभा आहे, एवढेंच विचारावें.