कागदावर नसलेली गाडी

लो-स्पीड इलेक्ट्रिक स्कूटर दारात उभी आहे, कंट्रोलर जळाला आहे किंवा बॅटरी सांभाळणाऱ्या बीएमएसने मान टाकली आहे, आणि कंपनीचा फोन लागत नाही. वाचकांच्या पत्रांतून हीच तक्रार पुन्हा पुन्हा येते आहे. सुटा भाग नाही, वायरिंगचा नकाशा नाही, आणि गिऱ्हाइकाच्या शिव्या गॅरेजवाल्याला.

या गाड्यांना सूट देणारा केंद्रीय मोटार वाहन नियम २(यू) आपल्या सर्वांना पाठ आहे: २५० वॅटच्या आत, ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरी वगळून ६० किलोपर्यंत. मग ते मोटार वाहनच नव्हे. नोंदणी नाही, लायसन्स नाही, विमा नाही. स्वस्त गाडी गरिबाच्या हाती यावी, हा हेतू योग्यच होता. पण वाहन-नोंदणीच्या 'वाहन' पोर्टलवर नोंद नसल्याने कोणत्या मॉडेलची गाडी कोणाच्या घरी आहे, हे सरकारला कळणार कसे? सदोष गाड्या परत बोलावण्यासाठी २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०अ आले, तेही मोटार वाहनांपुरतेच. म्हणजे पुण्यात असो की वाराणसीत, या स्कूटरमध्ये दोष निघाला तर मालकापर्यंत पोहोचायला सरकारकडे यादीच नाही.

वेगाचा लॉक काढला की तीच स्कूटर विनानोंदणी, विनाविमा मोटार वाहन ठरते आणि रस्त्यावर पकडला जातो तो चालवणारा. २०२२मध्ये राज्याच्या परिवहन खात्याने अशा बदल केलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीम काढली. मोहिमा काढून हा प्रश्न सुटणार नाही. सूट राहू द्या, पण प्रत्येक गाडीचा चासी क्रमांक, बॅटरी क्रमांक आणि उत्पादकाचा पत्ता नोंदवणारी साधी, विनाशुल्क यादी हवी. एवढ्यासाठी आणखी किती वर्षे थांबायचे?

आता आपल्याविषयी, म्हणजे या गाड्या विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्यांविषयी. स्वस्त गाडी म्हणजे बेवारस गाडी, असे मुळीच नाही. एच. के. फिरोदियांच्या कायनेटिकने १९७२मध्ये नगरहून ५० सीसीची लुना आणली. ती स्वस्तच होती, पण तिच्यामागे कारखाना होता, अभियंते होते, सुटे भाग होते. त्याच घराण्याच्या कायनेटिक ग्रीनने फेब्रुवारी २०२४मध्ये ई-लुना आणली, सुमारे ७० हजारांना. तिला नोंदणी लागते, लायसन्स लागते. प्रत्येकाने हीच गाडी विकावी असा आमचा आग्रह नाही. उत्पादक कोण, त्याने आजवर काय बनवले आणि पाच वर्षांनी तो कुठे सापडेल, हे एजन्सी घेण्याआधी विचारा, एवढाच आग्रह आहे.

आपल्यातले जे विक्रेते 'लायसन्स नको, पासिंग नको' अशी पाटी लावून लॉक काढलेली गाडी विकतात, त्यांनी त्याच कायद्याचे कलम १८२अ वाचावे. नियमबाह्य गाडी विकणाऱ्या डीलरला एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे १ लाख रुपये दंड होऊ शकतो.

विक्रेत्यांनो, सूट असलेल्या गाडीलाही एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मंजुरी लागतेच. ते प्रमाणपत्र मागा. सुट्या भागांचा साठा आणि वॉरंटीची हमी लेखी घ्या. प्रमाणपत्र आणि लेखी हमी दोन्ही मिळत नसतील तर ती गाडी दुकानात उतरवून घेऊ नका.