हाताचा झटका की यंत्राची टिचकी?
अमेरिकेत १८९५ साली सुरू झालेल्या कायरोप्रॅक्टिकमध्ये, म्हणजे मणक्याला हाताने झटका देण्याच्या उपचारात, मान कडकन मोडली जाईल, याची अनेकांना धास्ती वाटते. त्यांना अॅक्टिव्हेटर बरा वाटतो. आर्लन फुर आणि वॉरन ली यांनी १९६०च्या दशकात ही पद्धत घडवली. मुठीत मावणारं स्प्रिंगचं यंत्र, टोकाला रबर. मणक्यापाशी टेकवून दाबलं की ‘टक्’! स्नायू आवळले जाण्याआधी झटका पोचावा, ही त्यामागची कल्पना. ही सौम्यता मला मोलाची वाटते. पण कंबरदुखीवर २०१५ साली ‘स्पाइन’ नियतकालिकात आलेल्या चाचणीत महिन्याभरात हाताच्या उपचारानेच जास्त उतार पडला. सहा महिन्यांनी तोही फरक उरला नाही. तेव्हा आगाऊ पैसे भरून महागडी पॅकेजं घेऊ नका. आणि पाय बधिर होत असतील, लघवीवरचा ताबा सुटला असेल, तर आधी तडक इस्पितळ गाठा.