आपल्या गांवचीं वस्तुसंग्रहालयें

परगांवचा पाहुणा कोल्हापुरास आला म्हणजे त्यास काय दाखवावें, हें आपणांस कोणी शिकवावें लागत नाहीं. अंबाबाईचें देवालय, रंकाळा, पन्हाळगड, खासबागेचें मैदान, हीं नांवें आपणां सर्वांस मुखोद्गत आहेत. टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयाचें नांव मात्र या यादींत क्वचितच येतें. तेथील बागेच्या सावलींत दुपार घालविणारे पुष्कळ. पायऱ्या चढून आंत जाणारे थोडे. आमच्या मतें यांत नुकसान पाहुण्याचें नसून आपलें आहे.

चार्ल्स मँट या स्थापत्यविशारदाच्या आराखड्यावरून टाऊन हॉल १८७२ ते १८७६ या काळांत उभा राहिला. पुढें पंचगंगेच्या तीरावरील ब्रह्मपुरीच्या टेकडींत प्राचीन वस्तु सांपडूं लागल्या, व १९४५-४६ सालीं डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलिया व डॉ. दीक्षित यांनीं तेथें शास्त्रीय उत्खनन केलें. त्या वस्तूंसाठीं १९४६ सालीं संग्रहालय निघालें, आणि १९४९ सालीं तें टाऊन हॉलांत आलें. तेथील पोसायडनची लहानशी कांस्यमूर्ति पाहावी. पोसायडन हा ग्रीकांचा सागरदेव. समुद्र आपल्यापासून घाटापलीकडे. मग हा देव येथें आला कसा? सातवाहनांच्या काळीं, सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं, रोमन साम्राज्याशीं चालणारा व्यापार सह्याद्रि ओलांडून आपल्या नदीपर्यंत पोंचला होता, हेंच त्याचें उत्तर. पुस्तकांतील एक रुक्ष वाक्य येथें मूर्तिमंत उभें राहतें.

याच संग्रहालयांत अबालाल रहिमान यांच्या कुंचल्याचें काम पाहावयास मिळतें. १८८४ सालीं पूर्ण झालेल्या नव्या राजवाड्यांतील शहाजी छत्रपति म्युझियममध्यें राजघराण्यांतील वस्तु व शस्त्रें आहेत. कणेरीस सिद्धगिरि मठाच्या संग्रहालयांत बलुतेदारांचें जुनें ग्रामजीवन पुतळ्यांच्या रूपानें मांडलें आहे.

कोणी म्हणेल, कांचेच्या कपाटांत काय पाहावयाचें? आक्षेप अगदींच खोटा नाहीं. अर्ध्या घटकेंत सर्व दालनें धांवत पाहणाऱ्याच्या हातीं पायांच्या दुखण्यावांचून कांहीं लागत नाहीं. परंतु दोष कपाटाचा नव्हे, पाहण्याच्या रीतीचा आहे.

नगर आपल्या संग्रहालयावर कसें प्रेम करूं शकतें, याचें उदाहरण स्वित्झर्लंडांतील बाझल शहरानें घालून दिलें आहे. आमरबाख घराण्याचा संग्रह परदेशीं जाण्याचा रंग दिसतांच १६६१ सालीं नगरानें व विद्यापीठानें मिळून तो विकत घेतला, व पुढें दहा वर्षांनीं लोकांस खुला केला. तीनशें वर्षांनंतर, १९६७ सालीं, तेथील संग्रहालयांत ठेवलेलीं पिकासोचीं दोन चित्रें विकलीं जाण्याची वेळ आली. तेव्हां सार्वजनिक तिजोरींतून साठ लक्ष फ्रँक देण्याचा ठराव नागरिकांनीं मतदानानें संमत केला, व उरलेली रक्कम वर्गणीनें जमविली. त्या कामीं विद्यार्थीहि रस्त्यांत उतरले. हें ऐकून वृद्ध पिकासोनें आपलीं आणखी चार चित्रें त्या नगरास भेट दिलीं. जें लोकांच्या परिचयाचें होतें, तेंच त्यांनीं राखिलें.

आपल्याहि गांवास असें प्रेम आहे. शाहू महाराजांनीं १९१५ सालीं उभारलेलें केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं अग्नीच्या भक्ष्यस्थानीं पडलें, तेव्हां कितीएकांचे डोळे पाणावले. दुसरे दिवशीं केशवरावांची जयंती होती. तें दुःख खरें होतें. परंतु राख झाल्यावर उमाळा येण्यापेक्षां वस्तु शाबूत असतांना तिची ओळख करून घेणें अधिक शहाणपणाचें.

म्हणून आमची सूचना एवढीच, कीं प्रत्येक वर्गानें वर्षांतून एकदां तरी टाऊन हॉलांत जावें, आणि प्रत्येक विद्यार्थ्यानें एकच वस्तु निवडून तिच्यापुढें अर्धा तास थांबावें. ती कशाची आहे, कोणी व कशासाठीं घडविली, येथें कशी आली, हें शिक्षकांस विचारावें व एक पानभर लिहून काढावें. यास खर्च फारसा नाहीं. अशीं दहा वर्षें गेलीं, तर शेंकडों घरांत त्या कपाटांतील एकेका वस्तूचा जाणता असेल. आणि पुढें परगांवच्या पाहुण्यास काय दाखवावें, हें तोच आपण होऊन सांगेल.